मिठानं खार धरते

बा, तुझी पणती, माझी नात, बॉयलरवर लागली आहे. हसू नको. खाकी पॅन्ट घालते, केसं टोपीत कोंबते अन् उसन्या तांदळाच्या, म्हणजे धान वाफवून तांदूळ काढायच्या, मिलमध्ये वाफ करते. परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतलं तिनं. ज्या बॉयलरघरात तू मले कधी पाय ठेवू दिला नाही, तिथं ती रोज किल्ली फिरवत जाते. मले एवढा आनंद आहे की कोणाले सांगू अन् कोणाले नाही. पण सांगायले आहेच कोण? मी तर कडीच्या आत. म्हणून तुले लिहून राहिली. दुसरीतलीच अक्षरं आहेत, मोठी मोठी, समजून घे.

आधी कडीचं ऐक. मागच्या पोळ्याले मी एकटीच बैलं पाहायले तलावावर गेली अन् पाळीवरून घसरली. मोडलं काही नाही, लुगडं चिखलानं भरलं तेवढंच. पण माझा मुलगा घाबरला. तेव्हापासून तो अन् सून कामाले निघाले की बाहेरून कडी लागते. "आई, तुह्या भल्यासाठीच न," म्हणते. खिडकीतून मले शेजारणीची कोंबडी दिसते. तिलेही दिवसभर टोपल्याखाली झाकून ठेवतात. आमची दोघींची चांगली ओळख झाली आहे. ती ओरडली की मी म्हणते, ओरड बाई, माझ्याही वाट्याचं ओरड.

तुले कडीचं कळेल. तू बॉयलरच्या पोटात उतरायचा न! वर्षातून एकदा बॉयलर थंडा करत अन् तू छिन्नी-हातोडी घेऊन, खांदे तिरपे करून त्या गोल भोकातून आत शिरायचा. जड पाणी उकळून उकळून आत लोखंडावर दगडासारखा खार बसायचा, तो ठोकून काढायचा. मी डबा घेऊन दाराबाहेर उभी आहे. तू दिसत नाही, नुसती ठकठक येते. एक दिवस ठकठक थांबली. मी किती वेळ वाट पाहिली, मग "बा! बा!" करत आत धावली. तू भोकातून पांढरंफट तोंड काढलं अन् केवढ्यानं खेकसला, "तुले कोणी बोलावलं इथं? चाल, हो बाहेर!" मी रडत रडत घरी आली. संध्याकाळी तू खिशातून खाराची एक खपली काढून माझ्या हातावर ठेवली. अंड्याच्या टरफलासारखी, पण जाड. तिनं मी आपल्या भिंतीवर "बा" लिहिलं. कोंडल्या जागेचं तुले माहीत, म्हणून त्या दिवसापासून तू घराच्या दाराले कडी लावू दिली नाही. माय म्हणायची, "चोर येईल न एखादा." तू म्हणायचा, "येऊ दे, त्याले चहा पाज."

हं, तर पणतीचं राहिलंच. दिवाळीनंतर मिलमध्ये वाफच चढेना. धानाचा कोंडा टाकून टाकून माणसं थकली, धुराड्याजवळ उभं राहवत नाही एवढी गरमी, अन् वाफेचा काटा काही वर सरकत नाही. शेठ म्हणाला, "पोरीले आग सांभाळता येत नाही. पुढच्या बाजारापर्यंत पाहतो, नाही तर पोते शिवायले बसवतो." घरी माझा मुलगा म्हणाला, "पोते कायले शिवते? घरीच बस. तुले पाहायले पाहुणे येतोच म्हणून राहिले." म्हणजे आता दोघीही कडीच्या आत!

मिलमध्ये बोअरचं पाणी आहे, इतकं जड की त्यात तुरीची डाळ शिजत नाही. ते मऊ करायची एक मशीन आहे, तिले अधूनमधून मिठाचं पाणी पाजावं लागते. ते काम मिलचा हिशेब अन् कोठार पाहणाऱ्या दिवाणजीच्या माणसांकडं. विचारलं की "टाकलं" म्हणायचे. शेवटी हिनं पाणीच तपासलं. औषधाचा थेंब टाकला की मऊ पाणी निळं होते अन् जड पाणी तांबडं. मशीनच्या आधीचं तांबडं झालं, अन् मशीनमधून निघालेलंही तांबडंच! मिठाची टाकी उघडली तर आत कोळ्यानं घर केलेलं.

"मीठ कोणी बंद केलं?"

"म्या," दिवाणजी छाती फुगवून म्हणाला. "अवं पोरी, मिठानं खार धरते! आधीच आतमध्ये खार, त्यात तुमी पोत्यानं मीठ टाकता. शेठचा बॉयलर म्या वाचवला."

"काकाजी, तो खार वेगळा अन् मिठाचा खारेपणा वेगळा."

"वेगळा कसा? खार तो खार. नावच एक आहे!"

बा, तिनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसली. पण ती तिथं हसली नाही. तिनं दिवाणजीच्याच हातानं टाकीत मीठ टाकवलं, ते पाणी मशीनमधून फिरवलं अन् सगळं मोरीत सोडलं. बॉयलरात चिमूटभरही गेलं नाही. मग मशीनमधून निघालेल्या पाण्यात थेंब टाकला. दिवाणजीनं चष्मा पुसून पाहिलं. "आं? हे तर दौतीतल्या शाईवाणी झालं!"

आत बसलेला खार मग बॉयलर बंद ठेवून औषधानं धुतला. आता कोणाले भोकातून शिरावं लागत नाही, बा. पुन्हा पेटवला तसा काटा चढला, कोंडाही पहिल्यासारखा कमीच लागू लागला. शेठनं पोत्यांची गोष्ट सोडून दिली, म्हणजे राहिली ती बॉयलरवर. माझ्या मुलानं पाहुण्यांना सांगून दिलं, पोरीले सुट्टी नाही.

त्या दिवशी ती घरी आली, कडी काढली, दार सताड उघडं टाकलं अन् उंबऱ्यावर बसली. "आजी, हात कर." खाराची खपली! तशीच, अंड्याच्या टरफलासारखी. मग ती मले समजावायले बसली, मशीनले मीठ पाजलं की बॉयलरात खार का धरत नाही. मी म्हटलं, "नाही समजलं वं बाई." दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी वाटाणे मांडून सांगितलं. ती सांगत राहते तोवर दार उघडं असते. हवा येते, रस्त्यावरचे लोक "कसं काय आजी" म्हणतात, ती टोपल्याखालची कोंबडीही तेव्हाच सुटते अन् आमच्या अंगणात येते.

हे पत्र कुठं टाकू? पेटी तर कडीच्या बाहेर आहे. खपलीखालीच ठेवून देते. अन् बा, तिले सांगू नको, पण मले पहिल्याच दिवशी समजलं होतं.