तीन दिवसांची दाढी

३ मार्च, सोमवार

हॉलतिकीट आलं! सोळा तारखेला, रविवारी, सकाळी नऊला. मागच्या बाजूला सूचनाच सूचना. फोटोचं ओळखपत्र आणा, माझं आणि मॉडेलचंही. पांढरा ॲप्रन, धुतलेले टॉवेल. ब्लेडची पाकिटं फोडायची नाहीत, परीक्षकांसमोर फोडायची. मोबाइल बाहेर. आणि दाढी करायला माणूस आपला आपण आणायचा — त्याची दाढी निदान तीन दिवसांची वाढलेली हवी. नसली तर सरळ घरी! पुढची परीक्षा सप्टेंबरात.

सप्टेंबरपर्यंत थांबायला कुणाला सवड आहे? दुकानाचा परवाना यांच्या नावावर. हे गेल्यावर परवान्याच्या ऑफिसातल्या बाईंनी मार्चअखेरपर्यंतची मुदत दिली. तोवर माझ्या नावाचं लायसन्स दाखवलं नाही तर शटर खाली. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, जन्मभर याच दुकानात वस्तरा चालवला, पण त्यांच्या काळी असली परीक्षाच नव्हती. आणि आता त्यांचे हात थरथरतात.

बाबांना म्हटलं, मॉडेल तुम्हीच. "मी मॉडेल? या वयात?" म्हणाले. कितीतरी दिवसांनी हसले.

५ मार्च

फुग्यावर सराव. फुगवायचा, फेस लावायचा, वस्तऱ्यानं अलगद काढायचा. हात जरा जड पडला की फट्!

"गेलं गिऱ्हाईक," बाबा खुर्चीतून म्हणाले. "आता पोलीस येणार."

हसले मी. आणि हसता हसता एकदम रडूच फुटलं. हे मला शिकवायचे तेव्हा अगदी हेच म्हणायचे. अगदी याच सुरात. बाप-लेकाचा आवाज इतका सारखा असू नये. मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि दुसरा फुगा घेतला.

८ मार्च

आज खराखुरा माणूस. शेजारच्या टेलरना पकडून आणलं. खुर्चीत बसले ते डोळे घट्ट मिटूनच. "वहिनी, मान तेवढी जागेवर ठेवा हं. घरी बायको वाट बघतेय." बाबा पाठीशी उभे. "दाबू नकोस, दाबू नकोस! वस्तऱ्याला फक्त वाट दाखव. दुसऱ्या हातानं कातडी ताण — ताण गं, फाटत नाही ती!"

बरी झाली. कानाखाली एक ओरखडा. टेलर म्हणाले, चालायचंच, मीही लोकांना टाचण्या टोचतो.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं. मला बघून, "अच्छा, बाई आहे होय? येतो मग नंतर." हे "नंतर" म्हणजे कधीच नाही. पण बाबा त्याच्या पाठीवर ओरडले, "ये, सावकाश ये! तोवर गुडघ्यापर्यंत वाढव!"

माझी बाजू घेणारं घरात तेवढं एकच माणूस उरलंय.

९ मार्च, रविवार

दादाचा फोन. पुन्हा तेच. वहिनीच्या ओळखीच्या सलूनमध्ये बाई हवीय, लायसन्सवाली. "लायसन्स हातात पडलं की ऊठ आणि इकडे ये. मूल नाही, बाळ नाही, नवरा नाही. कुणासाठी बसलीस तिथं?"

बाबांचं काय, म्हटलं.

"वृद्धाश्रम आता चांगले असतात. आणि ते तुझे कोण लागतात आता?"

माझे वडील आजारी पडले तेव्हा हाच दादा रात्रंदिवस उशाशी बसला होता. तो वाईट नाही. माझ्या काळजीनंच बोलतो. हात फेसानं भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबा आत झोपले होते. पुढचं लिहायचा कंटाळा आलाय.

१२ मार्च, बुधवार

आज बाबांची दाढी केली. आता रविवारपर्यंत वस्तऱ्याचं नाव नाही. हे गेल्यापासून दर आठवड्याला मीच करते. गाल किती आत गेलेत त्यांचे! हाडावरनं वस्तरा न्यायला भीती वाटते.

गळ्याला टॉवेल बांधत होते तेव्हाच म्हणाले, "पास झालीस की काय करणार?"

"दुकान चालवणार, आणखी काय!" मी जरा जास्तच पटकन बोलले.

"बरं," म्हणाले. डोळ्यांतून पाणी आलं. साबण गेला, म्हणाले. साबण अजून लावायचाच होता.

१४ मार्च

पांढरे खुंट झकास उगवलेत! येता-जाता हात लावून बघते. "मी काय पीक आहे?" म्हणतात.

१५ मार्च

पिशवी भरली. टॉवेल, ब्रश, साबण, तुरटी, ब्लेडची पाकिटं. बाबांचं ओळखपत्र माझ्याजवळच ठेवलं, ते हरवतील. ॲप्रन यांचाच नेते आहे, कडेनं दोन टिपा मारल्या. अजून त्याला यांचा वास येतो. धुवायला हवा होता, पण धुतला नाही. परीक्षकांनी मळका म्हटला तर म्हणोत.

टेलर सांगून गेले, "वहिनी, माझ्या मानेची शपथ, पास व्हाल."

१६ मार्च, रविवार

सगळं संपलं.

सकाळी सातला तयार होऊन हाक मारली. बाबा बाहेर आले. पांढरा सदरा, केस पाणी लावून विंचरलेले, आणि दाढी — गुळगुळीत! हनुवटीवर तीन ठिकाणी कापलेलं, त्यावर कापसाचे बोळे.

"बाबा, हे काय केलंत?"

"परीक्षेला जायचंय. असं भुतासारखं कसं यायचं? तुझीच लाज गेली असती."

तरीही गेलो. म्हटलं, हातापाया पडू. परीक्षक बाई कडक. बाबांच्या गालावर बोटाची मागची बाजू फिरवली, कपाटावरची धूळ बघावी तशी. "चालणार नाही. नऊच्या आत दुसरा माणूस आणा."

रस्त्यावर धावले. रविवार, सगळं शुकशुकाट. एक गृहस्थ दिसले, त्यांची दाढी माझ्या तळहाताइतकी चकचकीत. कोपऱ्यावर एक रंगारी कुंपणाला रंग देत होता, छान चार-पाच दिवसांचे खुंट वाढलेले! "दाढी करून देते, फुकट," म्हटलं. तो शिडीवरूनच बघत राहिला. त्याला वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलंय. समजावल्यावर मात्र बिचारा ब्रश डब्यात टाकून माझ्याबरोबर पळाला. दारात शिपाई म्हणाला, ओळखपत्र? ते घरी! रंगारी म्हणाला, "अहो, हा काय मी उभा आहे, अजून कसली ओळख?" शिपायालाही हसू आलं. पण दार लावलंच त्यानं.

बाबा जिन्याखालच्या बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. माझ्याकडे बघेनात.

येताना भर रस्त्यात मी त्यांना नाही नाही ते बोलले. जन्मभर वस्तरा धरलात आणि एवढं कळू नये? चारदा वाचून दाखवलं होतं! साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही खोटं नाही! तोंडावर म्हणाले मी. सासऱ्यांना. "चुकलं पोरी," एवढंच म्हणाले. घरी येऊन जेवले नाहीत. मीही विचारलं नाही.

१७ मार्च

ऑफिसात गेले. बाईंनी पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं. "मला वाईट वाटतं हो. पण मुदत मला वाढवता येत नाही." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं.

२० मार्च

बाबांशी अबोला. ताट वाढते, उचलते. बस्स.

३१ मार्च, सोमवार

दुकान बंद केलं.

बाबांनी आरसे स्वतः पुसले. थरथरत्या हातानं, कोपऱ्यांसकट. दोन्ही खुर्च्यांवर टॉवेल पांघरले. शटर मला ओढू देईनात. "मीच उघडलं होतं, मीच लावतो." अर्ध्यावर अडकलं, तेव्हा टेलर धावत आले. तिघांनी मिळून खाली ओढलं.

बाबा रडले नाहीत. मी मात्र रस्त्यावरच बसले आणि रडले. हे गेले तेव्हा माणसांनी घर भरलेलं होतं, धड रडताही आलं नव्हतं. आज यांना दुसऱ्यांदा घालवलं असं वाटलं. बाबा शेजारी उभे राहिले, डोक्यावर हात ठेवून. मी तो हात झटकला नाही.

७ एप्रिल

बायकांच्या पार्लरमध्ये कामाला लागले. केस झाडायचे, टॉवेल धुवायचे. मालकीणबाई मला "अगं ए" म्हणतात.

दादाचा फोन. "लायसन्स नाही म्हणजे इथं तरी काय करणार तू? सप्टेंबरनंतर बघू." बघू तर बघू.

१३ एप्रिल, रविवार

घरीच खिडकीशी बसवून बाबांची दाढी केली. परीक्षेनंतर पहिल्यांदाच. अर्धी झाल्यावर म्हणाले, "त्या दिवशी मी विसरलो नव्हतो. मुद्दाम केली. फोन ऐकला होता तुझा. लायसन्स मिळालं असतं तर तू गेली असतीस. दुकान गेलं तर गेलं म्हटलं. तू गेल्यावर मी कुणाकडे बघायचं?"

वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता. मी तो उचलला, पुसला, आणि उरलेली दाढी पूर्ण केली.

त्या फोनवर दादाला मी हो म्हटलं होतं. वृद्धाश्रमातली खोलीसुद्धा बघून आले होते.