अस्तराची जास्तीची कड

१४ नोव्हेंबर, सकाळी ७. नोएडा.
अलका चेंजसाठी नाशिकला बहिणीकडे गेली, त्याला आज दोन महिने. तिची गोधडी अर्धवट पडलीय, आमच्या डबल बेडची. वर तुकडे जोडलेले, मध्ये कापूस, खाली निळं अस्तर. टाके घालून झालेत, फक्त कडा बाकी. ती यायच्या आत पुरी करणार. सरप्राइज. चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली निपटल्या, चार कडा म्हणजे काय! टार्गेट: रविवार.

१५ नोव्हेंबर
अस्तर चारी बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर. अलकाचा नेहमीचा गबाळेपणा. स्केल लावून सरळ कापून टाकलं. फार समाधान.

१६ नोव्हेंबर
शेजारच्या अरुणाताईंना दाखवली. बघतच राहिल्या. म्हणाल्या, "भालचंद्रजी, तेच अस्तर पुढे दुमडून कड शिवायची असते. त्यासाठीच ठेवलं होतं तिने." बिल्कुल, मला ठाऊक होतं, म्हटलं.
नवा प्लॅन: तेच कापड आणून जोडायचं.

१९ नोव्हेंबर
बसने पानिपत. अस्तर तिथलंच होतं. दुकानदार म्हणाला, "वो लॉट खतम, बाबूजी." मराठी माणूस पानिपताहून रिकाम्या हाताने परतला, यात नवीन काही नाही.
बसमध्ये अलकाचा फोन. काहीतरी महत्त्वाचं सांगत होती. आवाज फार होता. नंतर बोलू म्हटलं.

२२ नोव्हेंबर
आयडिया! अस्तर वाढत नाही, तर वरचं कापड आणि कापूस आत कापायचा. कापला. कड दुमडली. कोपऱ्यांवर लाडवाएवढ्या गाठी. उसवलं.

२९ नोव्हेंबर
उसवताना अस्तर फाटलं. ती बाजू कापली, मग बरोबरीला दुसरी.
अलकाचं पत्र आलंय. कामाच्या गडबडीत वाचायचं राहिलं.

७ डिसेंबर
युक्ती सापडली. आधी टोक तिरकं आत घ्यायचं, मग दोन्ही बाजू दुमडून एकमेकींना भिडवायच्या. चारही कोपरे फर्स्ट क्लास. गोधडी आता सिंगल बेडची. आटोपशीर.

१३ डिसेंबर, दुपारी
अलका आली. सोबत बहिणीचा जावई, खाली टेम्पो. तिने स्वेटर, शाली बांधल्या. चहा नको म्हणाली. मी विचारलं, मग परत कधी?
"अहो, फोनवर सांगितलं, पत्रात लिहिलं. मी नाही येणार आता."
मी गोधडी पुढे केली. तिने कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "छान जमलाय," म्हणाली, अगदी मनापासून. मग कड उलटून बघितली. "जास्तीचं होतं ते कापलंत?"
नीट दिसावं म्हणून, मी म्हटलं.
"हो. तुम्ही नेहमीच..." एवढंच बोलली.
घेऊन जा म्हटलं. म्हणाली, "राहू दे तुम्हाला. थंडी आहे."
शिलाई मशीन फार जड. लिफ्ट बंद. एका बाजूने जावयाने धरलं, एका बाजूने मी. तीन मजले. मागून ती सांगत होती, अहो, पायरी बघा, पायरी बघा.
मी मुद्दाम सावकाश उतरलो.