सासूबाईंच्या कपाटातली तीन रोपं

११ जानेवारी

फुकटचं औषध म्हणे! लिहूनच ठेवतो. दिवा — चार हजार दोनशे कोरुना. पंखा नऊशे. माती, कुंड्या, दिवा ठरल्या वेळी लावणारं-विझवणारं घड्याळ — मिळून दीड हजार. बिया तीन, सहाशेला. शिवाय सासूबाईंचं कपाट. अक्रोडाचं, आत अजून लवंगेचा वास. मी फळ्या काढल्या, पाठीत वाऱ्यासाठी भोक पाडलं, आतून पांढरा रंग फासला. बायको, ब्लाझेना, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते दोन दिवसही धरायला हवेत, नाहीतर हिशेब खोटा.

या जानेवारीपासून कायद्याने माणशी तीन रोपं घरात चालतात. गांजाची! अडुसष्टाव्या वर्षी.

कारण एकच — ब्लाझेनाचे हात. बोटांचे सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे झालेत. गोळ्यांनी पोट बिघडतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मलम लावून बघा, अपाय नाही. उपायाची खात्री देत नाही. हिची आई असलं मलम करायची, डुकराच्या चरबीत पानं-फुलं उकळून. हिला तेच हवंय. दुकानातलं नको.

चाळीस वर्षं ही ईस्टरची अंडी रंगवते. टाचणीचं डोकं गरम मेणात बुडवून एकेक थेंब ओढायचा. गेल्या वर्षी चार झाली, पाचवं हातात फुटलं. नंतर मेणाची डबी कुठे ठेवली, मी विचारलं नाही.

१४ जानेवारी

बोहूश आला होता. बत्तीस वर्षं माझ्याबरोबर लिफ्ट दुरुस्त करायला खड्ड्यात उतरलेला माणूस. आता बागेत बेरीच्या झुडपांमागे तो हेच लावतो आणि दर शरदात चुलत्या-मावश्यांना मलमाच्या डब्या वाटतो. कपाट बघून हसला. म्हणाला, उन्हात लाव, मे महिन्यात, देवाच्या दिव्याखाली. मी म्हटलं, मेपर्यंत कोण थांबतो?

"ओल्दा, रोप म्हणजे लिफ्ट नव्हे. बटण दाबलं की वर येत नाही."

मी त्याला सांगितलं — लिफ्ट तरी कुठे बोलते? मी ऐकायचो म्हणून कळायचं. आठव्या मजल्यावरच्या चाकात वाळूचा कण गेला तर तळमजल्यावर उभा राहून सांगायचो, कितवं चाक ते. शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा अंगात कोट दुसऱ्याचा होता. पुढे दोन व्हॅन आणि सात माणसांची कंपनी झाली, ती या दोन कानांवर. अजून या घरात सुई पडली तरी मला कळतं.

बोहूश म्हणाला, बरं बाबा. आणि बिअरचा ग्लास पुढे केला.

२२ जानेवारी

उगवली. तिन्हीच्या तिन्ही!

९ फेब्रुवारी

खालची पानं पिवळी. का? माहीत नाही.

बोहूश म्हणतो, भूक. चिडवीच्या — अंगाला लागली की आग होते त्या रानपाल्याच्या — कुजवलेल्या पाण्याखेरीज इलाज नाही. त्याने वाळवलेली चिडवी बादलीभर दिली. दिवा घेतला त्या दुकानातली पोरगी म्हणते — भूक नाही, उलट जास्त खायला घातलंत, आणि दिवा वीतभर वर घ्या. इंटरनेटवर कोणी लिहितो, दिवा खाली घ्या. चौथा म्हणतो, पाणी आंबट आहे. पाणी आंबट! मी चाखून बघितलं. पाणी पाण्यासारखं आहे.

मी सगळंच केलं. दिवा वर घेतला, थोडा खाली घेतला. पाण्यात लिंबू पिळलं. चिडवी भिजत घातली.

चुकलंच. लिफ्टमध्ये एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, मग बघायचं. शिकाऊ पोरांच्या डोक्यात टपली मारून मी हे शिकवलंय.

१३ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या इर्माबाई दारात. मी मनात कायद्याचं कलम तयार ठेवलं. पण गांजाचं त्यांच्या ध्यानीमनी नाही. वास भिजत घातलेल्या चिडवीचा होता. "कुणाच्या घरी मेलंय का कोण?" म्हणाल्या. बादली बाल्कनीत नेली. जाता जाता वर म्हणतात, आणि ती तुमच्याकडची शीळ बंद करा, डोकं उठतं.

कसली शीळ? पंखा इतका गरीब आहे की चालतोय का हे बघायला मला हात पुढे धरावा लागतो. एकटी बाई, दिवसभर घरात. वाजतं काहीतरी तिच्या डोक्यात.

२० फेब्रुवारी

पानं हिरवी झाली. कशाने? मलाच माहीत नाही. लिंबाने, चिडवीने की मी नाद सोडल्याने.

८ मार्च

आज मोठा दिवस. दिवा आतापर्यंत अठरा तास असायचा. आजपासून बारा तास दिवा, बारा तास मिट्ट अंधार. सकाळी सात ते संध्याकाळी सात. या झाडाला बारा तास अखंड अंधार मिळाला की त्याला वाटतं शरद आला, आणि ते फुलतं. औषध फुलात असतं. तीन आठवड्यांत फुलांचे पांढरे केस दिसतील, नऊ आठवड्यांत कापणी — दुकानातल्या पोरीचं गणित.

ब्लाझेना बराच वेळ कपाटासमोर उभी होती. म्हणाली, बारा तास अंधारात? बिचारी.

५ एप्रिल

ईस्टर. टेबलावर गेल्या वर्षीची चार अंडी. रादका — आमची लेक — ब्रनोहून आली, एक रात्र बैठकीतल्या सोफ्यावर झोपली, आज गेली. आईला म्हणाली, यंदा नवी नाहीत? हिने बटाट्याची सालं काढता काढता सांगितलं, कंटाळा आला. बटाटा मुठीत धरला होता, बोटांत नाही.

रोपांना बारा तास अंधार देऊन चार आठवडे झाले. एक केस नाही. पानंच पानं. कपाटाचं दार जेमतेम लागतं.

१२ एप्रिल

अंधार गळतोय का बघितलं. दार लावून आत बसलो, स्वतः, अडुसष्ट वर्षांचा, दोन कुंड्यांच्या मध्ये. कुठून उजेड येतो ते बघत. फटीतून येत होता — काळी पट्टी लावली. पंख्याच्या तोंडाशी हिरवा ठिपका — त्यावर पट्टी. बाहेर ब्लाझेनाने हाक मारली, जेवायला ये, तुझ्या सासूबाई भेटल्या का आत?

१९ एप्रिल

काही नाही. सहा आठवडे. नवीन पानं येतात ती वेडीवाकडी, पाच बोटांऐवजी एकाच बोटाची. झाडालाच कळत नाहीये त्याने काय करायचं ते. मलाही नाही.

दुकानात फोटो दाखवला. पोरगी बघत राहिली.

"काका, याला मध्येच कोणीतरी उठवतंय."

म्हणजे? म्हणाली, रात्रीच्या मध्यात तासभर दिवा लागला की झाड फुलायचं सोडून देतं. त्याला वाटतं, रात्र संपली. मी म्हटलं, घड्याळ मी स्वतः लावलंय. म्हणाली, मग घड्याळ चोर आहे.

२१ एप्रिल

घड्याळ बदललं. शिवाय माळ्यावरून जुन्या लिफ्टचा तासमोजा काढला — मोटर किती तास फिरली ते मोजणारा. दिव्याच्या वायरीत बसवला. आता बोल!

२२ एप्रिल

बारा यायला हवेत. तेरा.

२३ एप्रिल

साडेबारा.

२४ एप्रिल

तेरा आणि वर दहा मिनिटं. जुनं घड्याळ परत लावून बघतो.

२५ एप्रिल

तेरा. तेच.

दिवसभर डोकं चालेना. बोहूशला फोन केला, तो म्हणाला विजेच्या खात्याला विचार. मूर्ख. नंतर दुपारी पलंगावर पडल्या पडल्या लक्षात आलं — हे तर मीच पोरांना शिकवायचो. यंत्र चुकलं तर रोज सारखंच चुकतं. रोज वेगळं चुकतो तो माणूस.

घरात माणसं दोन. त्यातला एक मी.

२६ एप्रिल

सकाळी ही ब्रेड आणायला उतरल्यावर रादकाच्या जुन्या खोलीत गेलो. कपाट तिथेच आहे. रोज जातो, पण रोज झाडांकडे बघतो. आज खोलीकडे बघितलं. स्वयंपाकघरातली खुर्ची कपाटासमोर. खुर्चीवर उशी. खिडकीच्या कठड्यावर शब्दकोड्याचं मासिक, आणि कॉफीचा कप, तळाशी गाळ सुकलेला. घड्याळावर हाताने दिवा लावायची छोटी कळ असते. रंग तिथे झिजलेला.

ही आली. विचारलं. आधी पिशवी रिकामी केली, मग बसली.

रोज पहाटे तीनच्या सुमारास उठते. हात ठणकतात, आडवं राहवत नाही. पूर्वी स्वयंपाकघरात कोमट पाण्यात हात घालून बसायची. जानेवारीपासून कपाट उघडते, दिवा लावते, दिव्याखाली हात धरते. ऊब असते. वास चांगला येतो. कोडं सोडवता येतं. दुखणं उतरलं की विझवते, दार लावते, झोपते.

"किती दिवस?"

"कपाटाचं म्हणतोस की उठायचं? उठायचं दोन वर्षं झाली."

दोन वर्षं. मला का नाही उठवलंस, विचारलं. म्हणाली, तू उठून काय करणार होतास, स्क्रू पिळणार होतास का माझे?

मग म्हणाली, "तुझ्या झाडांचं मी वाटोळं केलं ना?"

मी म्हटलं, झाडं कसली माझी.

गाढ झोपतो मी. आयुष्यभर पहाटे चारला उठलेला माणूस. आता झोप वसूल होतेय, दुसरं काय.

२७ एप्रिल

काय करू? तिला सांगू, बसू नकोस? म्हणजे फुलं येतील, मलम होईल, आणि तोवर ती अंधारात पाण्यात हात घालून बसेल. न सांगितलं तर ती उबेत बसेल, आणि मलम कधीच नाही. दिवसभर इकडून तिकडे. हिने वेगळा दिवा विकत घेऊ दिला नाही. म्हणाली, मला दिवा नकोय, यांच्याजवळ बसायचंय.

संध्याकाळ

गाढव आहे मी. पन्नास वर्षं मोटरच्या तारा उलटसुलट जोडल्या आणि हे सुचायला दोन दिवस! घड्याळ उलटं केलं. दिवा संध्याकाळी सात ते सकाळी सात. झाडांची रात्र दिवसा. त्यांना कुठे कळतंय बाहेर काय चाललंय? हिने तीनला यावं, हवं तेवढं बसावं, घड्याळाच्या कळीला हातही लावायची गरज नाही. दिवसा मात्र दार उघडायचं नाही — तशी पाटी लावली. हिने खाली पेनाने लिहिलं: ओल्दानेही.

३ मे

तासमोजा: बारा. बरोबर बारा.

१७ मे

केस! पांढरे, बारीक, प्रत्येक टोकाला. तिन्ही रोपांना! ब्लाझेनाने पहाटे बघितले, न्याहारीला सांगितले. मला उठवलं नाही.

बोहूशला कळवलं, चरबी आणून ठेव. तो म्हणाला, म्हणजे आलं तर तुझं झाड वर. मी म्हटलं, बटण दाबायला माणूस लागतो रे.

हिने मेणाची डबी काढून खिडकीत ठेवली आहे. उघडली नाही. नुसती ठेवली आहे.

२४ मे

रादका शनिवार-रविवार होती. सोफ्यावरच झोपली, आमच्या भिंतीपलीकडे. आज निघताना बूट घालता घालता म्हणाली, बाबा, पलंगाला आईच्या बाजूने तेल घाल, रात्री ती उठली की एवढा किंचाळतो की मी पलीकडे दचकून उठते. इर्माबाईही जिन्यात म्हणाल्या म्हणे, तो पलंग आणि ती पंख्याची शीळ.

ती गेल्यावर पलंगाच्या हिच्या बाजूला बसलो. उठलो. पुन्हा बसलो. मग लाकडावर तळवा ठेवून बसलो. करकर हाताला लागते. कानाला नाही.