४४ नंबरचं वाहन

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळी १०
संकल्प: रविवारी १२ तारखेला कशेळ्याच्या शेतकरी गटापुढे फवारणीचा ड्रोन उडवायचा. उडाला की बारा ड्रोनची ऑर्डर. ड्रोनचा मेंदू म्हणजे ऑटोपायलट बोर्ड. त्यातला सगळा कोड मी एकट्याने नव्याने लिहिला. आधी पार्टनर जितेशचा होता, पण कामचलाऊ. बिचारा गेल्या साली डेंग्यूने गेला, आता काय बोलायचं.
अवजारांची पूजा केली. जितेशची आई, सोनुमावशी, कोंडाणे गावाहून झेंडू घेऊन आल्या. थेट बोर्डालाच हळदकुंकू वाहिलं. म्हणाल्या, माज्या पोराचंबी हाय रं त्यात, चार लोकांत त्याचं नाव घे. घेतो म्हटलं. सणाला कुठे वाद घाला.

३ ऑक्टोबर. ७.४०
हार्टबीट आला. म्हणजे ड्रोन दर सेकंदाला रेडिओवरून लॅपटॉपला कळवतो: मी अमुक नंबर, मी चालू आहे. मी नंबर दिलाय १. स्क्रीनवर येतोय ४४. हा जितेशचा नंबर. क्रिकेटच्या जर्सीपासूनचा.
कारण उघड आहे. बोर्डात कुंकू गेलं.

४ ऑक्टोबर
ब्रशने कुंकू काढलं. कोड पुन्हा भरला. ड्रोन मस्त उडाला. नंबर ४४.
सुरभीने विचारलं, तुझाच कोड चालतोय कशावरून? बायको बी.कॉम. आहे. तिला हिशेब बघ म्हटलं.

६ ऑक्टोबर
सहा वेळा १ लिहिला. सहा वेळा ४४. आमच्या भिसेगावात दुसऱ्या कुणाकडे ड्रोन नाही, तेव्हा शेजाऱ्याचा सिग्नलही नाही. भीती वगैरे वाटत नाही. फक्त स्क्रीनकडे पाठ करून बसवत नाही.
आज वळताना ड्रोन जरा थबकला आणि मग वळला. जितेश बाइक अशीच वळवायचा. हे कुणाला सांगायचं नाही.

९ ऑक्टोबर
ड्रोनला लिंबू-मिरची बांधली. माझा विश्वास नाही, सुरभीच्या समाधानासाठी. सुरभीला माहीत नाही.
लिंबू पंख्यात गेलं. पंखा तुटला. ४४ ठणठणीत.

१२ ऑक्टोबर. संध्याकाळी ६
फत्ते. गटाचे अध्यक्ष आबाजी, त्यांच्या शेतावर सरळ रेषेत फवारणी, बांधाशी वळण, उठला तिथेच उतरला. ऑर्डर पक्की. आबाजींनी शाल घातली, विचारलं कुणी बनवला. म्हटलं, ओळ न् ओळ माझी.
सोनुमावशी पुढेच बसल्या होत्या. नाव घ्यायचं राहिलं. गडबडीत होतं असं.
परतताना जीपमध्ये शेजारी होत्या. एवढंच म्हणाल्या, जितू गाडीवर असाच वळायचा. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर. ११
४४चा कायमचा बंदोबस्त. बोर्ड पुसून कोरा केला. फक्त माझा कोड भरला.
११.२०. हार्टबीट नाही. १ नाही, ४४ पण नाही.
३.३०. उलगडा झाला. जितेशने बोर्डात सोय करून ठेवली होती: नवा कोड सुरू होताच कोलमडला, तर बोर्डाने आपोआप जुना चालवायचा. माझा सुरू होताच कोलमडतो. पहिल्या दिवसापासून. काल कशेळ्यात सगळा वेळ तोच उडवत होता.
जुन्याची कॉपी त्याच्या लॅपटॉपवर होती. तो मी मार्चमध्ये फॉरमॅट केला. जागा हवी होती.
५.००. चौदा वेळा चालू-बंद केला. ये रे जितेश. ४४ तर ४४.

१४ ऑक्टोबर. सकाळी ९
बोर्डाच्या डबीवर मार्करने ठळक लिहिलं: जितेश. उशीर झाला, पण शब्द पाळला.
९.३०. सोनुमावशी आल्या. डबी हातात दिली, नाव दाखवलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, मला वाचता येत नाय बाबा. चालू कर, बगायला आले.
बॅटरी उतरलीय म्हणून सांगितलं. चार्जिंगला वेळ लागेल म्हटलं. म्हणाल्या, लागू दे, मला काय काम हाय.
१२.१५. ओट्यावर बसल्यात.