पट्टीखालची कातडी

सोम., ३ नोव्हें.
डाव्या हातावर आज अकरा जखमा. काल नऊ होत्या. मशीनवर सोडायचं तेलपाणी बाळारामकाका अंदाजाने कालवतात, मी तपासतो ते पार्ट त्यातच भिजलेले असतात, त्यानेच हे होतंय. सुपरवायझरना तसं लेखी दिलं.

बुध., ५ नोव्हें.
काकांना कामावरून काढलं. वागळे इस्टेटच्या या कारखान्यात बावीस वर्षं. डबा घेऊन निघताना माझ्यापाशी थांबले. "माजे हातांना त कदी काय झाला नाय रं, पोरा." मी मान वर केली नाही.

शनि., ८ नोव्हें.
डोंबिवलीच्या कातडीच्या डॉ.बाईंनी मनगट ते कोपर पट्टीत बंद केलं. दहा दिवस उघडायचं नाही.
आई : "अ‍ॅलर्जीच ना?"
बाई : "बघू."

मंगळ., १८ नोव्हें.
पट्टी सोडली. खाली कातडी स्वच्छ. पण वर, दंडावर, चार नव्या जखमा. तिथे बाही असते, तेलपाणी पोचतच नाही.
"ही नखं कुणाची?" बाईंनी हळूच विचारलं.
"मी वेडा नाही," म्हणालो. फार मोठ्याने म्हणालो. बाहेरचे पेशंट बघायला लागले.

गुरु., २० नोव्हें.
धाकटी बहीण वर्षा म्हणाली, "दादा, चिडू नकोस." मोबाइल पुढे केला, तिने चोरून काढलेला व्हिडिओ.
मी पेपर वाचतोय. उजवा अंगठा दंडावर फिरतो, थांबतो, नखाने उचकटतो. कामावर पार्टची कड चाचपून खरखर शोधतो, तस्सा. आठ मिनिटं. चेहरा शांत.
यातलं मला काहीही आठवत नाही. चारदा पाहिलं.
"स्वतःलाच चेक करतोयस रे," वर्षा हसली. मग रडली.

सोम., २४ नोव्हें.
कल्याणचे मानसोपचारवाले डॉ. म्हणतात, मुद्दाम नाही, ताण आला की हात जातो. अंगठ्याला चिकटपट्टी लावायची, हात गेला की वेळ लिहायची. आज १४ वेळा.
कधीपासून, त्यांनी विचारलं. मी पास केलेला लॉट खराब म्हणून परत आला, तेव्हापासून. हे तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.
काकांचं त्यांना सांगितलं नाही.

रवि., ३० नोव्हें.
सुपरवायझरसाठी नवं पत्र लिहिलं : जखमा माझ्याच हातच्या, काकांचा दोष नाही. आधी काकांना दाखवावं म्हणून कोलशेतला त्यांच्या घरी आलो.
काही बोलायच्या आत त्यांनी माझी बाही कोपरापर्यंत सारली. हात उलटसुलट पाहिला.
"बरा झाला. मी गेलो न् बरा झाला. मंजे चूक माजीच व्हती रं."
"नाही काका."
"माजी समजूत नको काढू."
आत काकीला हाक मारून चहा टाकायला सांगितला. स्वतः दूध आणायला गेलेत. हे त्यांच्याच ओटीवर बसून लिहितोय. पत्र अजून खिशातच आहे.