भूमिपूजनाचा खड्डा

रविवार, १२ फेब्रुवारी १९९५. डोंबिवली

आज मी नारळाने एका माणसाचं कपाळ फोडलं. पश्चात्ताप त्याचा नाही.

मानपाड्याला बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या जागेवर आमच्या सोसायटीचं भूमिपूजन होतं. जमीन साफ केली, असं बिल्डर सांगत होता. पूजेचा खड्डा वीतभरच असतो. वरून टाकलेली नवी लाल मातीही मला तेवढ्याच जाडीची वाटली; खाली काय आहे ते बघायचं होतं. मजूर भिकूला म्हटलं, "अजून खण." तो आत उतरला. खालून जांभळा चिखल वर आला, उग्र दर्प सुटला आणि भिकू किंचाळला. पाय बाहेर काढले तर कातडी सोलून लोंबत होती. ते पाय.

बिल्डरने धावत येऊन त्याच्याच थोबाडीत मारली. "खोल खणायला कोणी सांगितलं रे तुला?"

मी चौरंगावरचा नारळ उचलून बिल्डरच्या कपाळात घातला. पुन्हा घातला असता, पण भाऊजींनी हात धरला. "वहिनी, अहो, मुहूर्त आहे."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पायात काही नव्हतं?"

गमबूट होते. पूजेच्या जागी बूट कसले, म्हणून मीच झापून काढायला लावले होते.

"नव्हतं, साहेब," भिकू म्हणाला.

आणि मी गप्प बसले.