जाड सालीचं फळ

२६ ऑगस्ट
चहाचा कप बशीवर वाजत होता. हात थरथरतोय! आमचे हे, उदयसिंह, म्हणाले, "गोळ्यांनी होतंय ते. डॉक्टर म्हणालं हुतं की." म्हणाले होते खरं. तोंड भोपळ्याएवढं होईल, ओठावर लव येईल, हात कापतील — सगळं सांगून झालंय. चार महिन्यांपूर्वी सासूनं आपली किडनी काढून दिली म्हणून जिवंत आहे मी. मिशीचं काय रडायचं?

३० ऑगस्ट
परसातलं पपनस पिकलं. साल काढून खायची फळंच खा, अशी दवाखान्याची ताकीद. आक्का म्हणाल्या, "एवढी जाड साल! जंतू शिरंल कुठनं?" पटलं. साबणानं दोनदा हात धुऊन त्यांनी एकेक फोड सोलली, वरची पांढरी सालसुद्धा काढली. सासू असून माझ्या आईपेक्षा जास्त करतात. रोज वाटीभर खायचं ठरलंय.

९ सप्टेंबर
पांढऱ्या पेशी घसरल्या. विषाणूवरच्या गोळीनं होतं म्हणे. ती अर्ध्यावर आणली. बाकीचे रिपोर्ट यायचेत.

घरात गणपती, आणि मी आतल्या खोलीत मास्क लावून. बाहेर आरती चालू असताना कोण तरी शिंकलं. मी दाराची फट बंद करून घेतली.

१३ सप्टेंबर
बँकेत सही जुळली नाही. लघवी कमी झाल्यासारखी वाटते. भीती वाटते, फार.

आक्का म्हणतात, "खा पोरी, ताकद येईल." खाल्लं.

१६ सप्टेंबर
दवाखान्यातून फोन. किडनी टिकवायचं औषध रक्तात हवं त्याच्या तिप्पट झालंय, त्यानंच किडनीला इजा होतेय. "खाण्यात नवीन काय?"

काही नाही म्हटलं. घरचं पपनस तेवढं.

डॉक्टरांनी फळाचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग, "ग्रेपफ्रूट खाऊ नका, असं सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. तेव्हा आम्ही हसलो होतो — आमच्या बावड्यात कुठलं आलंय ग्रेपफ्रूट! त्याचंच भावंड आमच्या परसात. ते खाल्लं की औषध अंगातच साठत राहतं. आणि हात कापला की आम्ही गोळ्यांच्या नावानं खडे फोडून मोकळे.

उद्या ॲडमिट. किडनी किती शाबूत आहे ते तपासल्यावर कळेल. आक्कांना पपनसाचं कळू द्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात ठरवलं. कळलं तर त्या खचतील.

१७ सप्टेंबर
परसात पपनस बुंध्यापासून आडवं पडलंय. शेजारी कुऱ्हाड. काल स्वयंपाकघराचं मागचं दार उघडंच होतं.

आक्का धुतलेलं लुगडं नेसून, पिशवी भरून गाडीपाशी उभ्या. "मीबी येतो दवाखान्यात. आजून एक हाय की माझ्याकडं."